नेशन्स इन ट्रान्झिट : २९ देश, ७ रकाने आणि फसवी सरासरी

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही महाविद्यालयात एम.ए.च्या प्रकल्पाला ‘साम्यवादोत्तर देशांतील लोकशाही’ असा विषय घेतला, की पहिल्याच आठवड्यात गाडी अडते. १९८९ची आंदोलनं, बर्लिनची भिंत, सोव्हिएत संघाचं विघटन हे सगळं पुस्तकांत मिळतं. पण पोलंडमधली न्यायव्यवस्था २०१४ साली कुठे होती आणि २०१९ साली कुठे आली, हे शेजारी शेजारी मांडून दाखवायचं तर आकडे लागतात, आणि प्रत्येक आकड्यामागचं कारणही लागतं. दोन्ही फुकट देणारं साधन म्हणजे अमेरिकेतल्या फ्रीडम हाउस या संस्थेचा ‘नेशन्स इन ट्रान्झिट’ हा अहवाल. अभ्यासिकेत बसून, फोनच्या नेटवर आणि मित्राच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला तो कितपत उपयोगी पडतो, या नजरेनं हे परीक्षण लिहिलं आहे. समोर आहे ती २०२४ची आवृत्ती.

निकाल आधीच सांगतो. देशवार मजकुराला पाचपैकी साडेचार. आकड्यांच्या मांडणीला तीन. आणि ज्याचा सगळ्यात जास्त वापर होतो त्या एकत्रित ‘लोकशाही गुणां’ना दोन.

पहिली आवृत्ती १९९५ची. २०२४च्या आवृत्तीत २९ देश आहेत: मध्य युरोप आणि बाल्टिक मिळून १०, बाल्कनमधले ७ आणि आर्मेनियापासून उझबेकिस्तानपर्यंत पूर्वीच्या सोव्हिएत संघातले १२. कोसोवोला वेगळी नोंद आहे. भारतानं कोसोवोला मान्यता दिलेली नाही, तेव्हा परीक्षेच्या उत्तरात ‘देश’ लिहिताना तेवढं ध्यानात असू द्या. मंगोलिया मात्र यादीत नाही. १९९२ साली नवी राज्यघटना स्वीकारून निवडणुकांच्या वाटेनं टिकून राहिलेला हा देश वगळून ‘आशियातल्या साम्यवादोत्तर देशांत लोकशाही रुजली नाही’ असा निष्कर्ष या अहवालावरून काढला, तर दोष तुमच्या अभ्यासाचा ठरेल. अहवालाची हद्द मध्य युरोप ते मध्य आशिया एवढीच आहे आणि ती त्यानं उघड सांगितलेली आहे.

प्रत्येक देशाला सात रकान्यांत गुण मिळतात: राष्ट्रीय पातळीवरचा लोकशाही कारभार, निवडणूक प्रक्रिया, नागरी समाज, स्वतंत्र माध्यमं, स्थानिक लोकशाही कारभार, न्यायव्यवस्थेची चौकट व स्वातंत्र्य, आणि भ्रष्टाचार. गुण १ ते ७, पाव-पाव गुणांच्या पायरीनं. सातांची साधी सरासरी म्हणजे लोकशाही गुण. ५च्या वर पक्की लोकशाही, ४ ते ५ अर्धपक्की लोकशाही, ३ ते ४ संमिश्र राजवट, २ ते ३ अर्धपक्की हुकूमशाही आणि २ किंवा त्याखाली पक्की हुकूमशाही. नेमका ४.०० गुण खालच्या, म्हणजे संमिश्र गटात जातो, लोकशाही ४.०१पासून सुरू होते. टक्केवारीही दिलेली असते. ती काढायची रीत सोपी: गुणांतून १ वजा करा, ६ने भागा, १००ने गुणा. ३.९६चे ४९ टक्के होतात. म्हणून ‘लोकशाही ४९ टक्के’ हे वाक्य परीक्षेतल्या टक्क्यांसारखं वाचू नका. तळ १चा आहे, शून्याचा नाही.

सगळ्यात जास्त प्रकल्प जिथे बिघडतात ती जागा म्हणजे मोजपट्टीची दिशा. २०२०च्या आधीच्या आवृत्त्यांत १ म्हणजे उत्तम आणि ७ म्हणजे वाईट असा उलटा क्रम होता. २०२०पासून तो सुलटा केला: ७ उत्तम, १ वाईट. ताज्या एक्सेल फाइलमध्ये जुने आकडेही नव्या दिशेत बदलून दिलेले आहेत, पण जुन्या पीडीएफ अहवालांत आणि त्या काळातल्या शोधनिबंधांत जुनीच मोजपट्टी आहे. एका तक्त्यात दोन्हींचं मिश्रण झालं, की देश रातोरात सुधारलेला किंवा कोसळलेला दिसतो. रूपांतर तोंडी करता येतं: ८मधून जुना आकडा वजा करा. जुना ३.५४ म्हणजे नवा ४.४६. हाताशी आलेला तक्ता कुठल्या दिशेचा आहे हे ओळखायचं असेल, तर तुर्कमेनिस्तानची ओळ बघा. तिथला आकडा १च्या जवळ असेल तर नवी मोजपट्टी, ७ला टेकलेला असेल तर जुनी. दहा सेकंदांचं काम आहे आणि ते वगळण्याची सवय महागात पडते.

भ्रष्टाचाराच्या रकान्यात आणखी एक घोळ होतो. नव्या मोजपट्टीत इथेही जास्त गुण म्हणजे भ्रष्टाचार कमी. आलेखावर रकान्याचं नाव नुसतं ‘भ्रष्टाचार’ लिहिलं आणि रेषा वर गेली, की वाचणारा हमखास उलटा अर्थ घेतो. तिथे ‘भ्रष्टाचारापासून मुक्तता’ असं लिहा. आणि २००५च्या आधीचे आकडे वापरत असाल, तर तोवर राष्ट्रीय आणि स्थानिक कारभार असे दोन वेगळे रकाने नव्हते, कारभार हा एकच रकाना होता. ती रेषा सलग ओढू नका.

दुसरा सापळा वर्षाचा. मुखपृष्ठावर जे साल असतं, त्याच्या आदल्या वर्षाच्या घडामोडी त्या आवृत्तीत मोजलेल्या असतात. २०२०च्या आवृत्तीत हंगेरी पहिल्यांदा लोकशाहीच्या गटातून घसरून संमिश्र राजवटीत गेला, ३.९६ गुणांवर. अनेक ठिकाणी याचं कारण म्हणून मार्च २०२०मध्ये तिथल्या संसदेनं करोनाच्या नावाखाली सरकारला दिलेले बेमुदत अधिकार दाखवले जातात. ते चूक आहे, कारण त्या आवृत्तीत डिसेंबर २०१९पर्यंतचाच हिशेब आहे. तसंच जॉर्जियाचं. परकीय निधी घेणाऱ्या संस्थांवरचा कायदा तिथे मे २०२४मध्ये मंजूर झाला, त्यामुळे २०२४च्या आवृत्तीत तो सापडणार नाही. त्यात सापडेल ती मार्च २०२३मधली घटना, जेव्हा लोक रस्त्यावर उतरल्यावर तशाच विधेयकातून सरकारला माघार घ्यावी लागली होती. एक्सेलमध्ये ‘आवृत्ती’शेजारी ‘मोजलेलं वर्ष’ असा रकाना स्वतः घाला, त्यात आवृत्तीच्या सालातून १ वजा करा आणि आलेख त्या रकान्यावरच काढा.

आता सरासरी. सातारा जिल्ह्याच्या पावसाची सरासरी घेऊन कुणी पेरणी करत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्ही मिसळून येणारा आकडा ना महाबळेश्वरला लागू पडतो ना म्हसवडला. लोकशाही गुणांचं तसंच होतं. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये हंगेरीत विरोधकांनी एकत्र येऊन बुडापेस्टचं महापौरपद जिंकलं. त्याच देशात आदल्या वर्षाच्या अखेरीला सरकारधार्जिण्या मालकांनी चारशेहून जास्त वृत्तपत्रं, वाहिन्या आणि संकेतस्थळं एकाच प्रतिष्ठानच्या हवाली केली होती. निवडणूक लढवता येते, जिंकताही येते, पण गावोगावी बातमी एकाच तोंडून येते: ही त्या राजवटीची खरी ठेवण. सातांची सरासरी काढली, की नेमकी हीच ठेवण पुसली जाते. सातही रकान्यांचं वजन सारखं धरलेलं आहे, त्यामुळे न्यायालयं गेल्याचा तोटा नागरी समाजाच्या उत्साहानं कागदावर भरून निघतो. प्रत्यक्षात तो भरून निघत नाही, कारण न्यायालय गेलं की उरलेल्या सहा रकान्यांना दाद मागायची जागा राहत नाही.

आणखी एक हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. गुण पाव-पावच्या पायरीनं मिळतात, म्हणजे एका रकान्यातली एक पायरी सरासरीत ०.२५ भागिले ७, अंदाजे ०.०४नं उतरते. समजा एखाद्या देशाचे गुण असे आहेत: ३.५०, ४.५०, ४.२५, ३.२५, ४.५०, ४.२५, ३.५०. बेरीज २७.७५, सरासरी ३.९६. यात एक पायरी वाढवली तर बेरीज २८, सरासरी ४.००, तरीही संमिश्र राजवटच. दोन पायऱ्या वाढवल्या तर २८.२५, सरासरी ४.०४, आणि देश ‘अर्धपक्की लोकशाही’ होतो. २०२०च्या आवृत्तीत हंगेरी आणि सर्बिया दोघेही ३.९६वर होते. याचा अर्थ, जगभर गाजलेला तो ‘लोकशाहीतून बाहेर’ हा मथळा सात रकान्यांतल्या दोन पायऱ्यांवर उभा होता. घसरण खोटी नव्हती. ती एका वर्षात झालेली नव्हती, एवढंच. २०१० साली हंगेरीत फिडेस पक्षाला दोन तृतीयांश बहुमत मिळालं, १ जानेवारी २०१२पासून नवी राज्यघटना लागू झाली, संसदेच्या जागा ३८६वरून १९९ झाल्या, मतदारसंघ नव्यानं आखले गेले, घटना न्यायालयाचे अधिकार आक्रसले. दशकभराच्या उतरणीतली नेमकी कुठली पायरी उंबरठा ओलांडते, हे सांगणारा आकडा मथळ्याला सोयीचा असतो, अभ्यासाला नाही. म्हणून गटाचं नाव प्रकल्पाच्या शीर्षकात घालू नका आणि सात रकान्यांच्या सात रेषा वेगवेगळ्या काढा.

गुण देतं कोण? प्रत्येक देशासाठी त्या देशाचा जाणकार अहवाल लिहितो आणि गुण सुचवतो, प्रदेशाच्या अभ्यासकांचं सल्लागार मंडळ ते तपासतं, शेवटचा शब्द फ्रीडम हाउसचा. दरवर्षी पाटी कोरी करून गुण देत नाहीत. मागच्या वर्षीच्या गुणांपासून सुरुवात होते. लहान-मध्यम बदलाला पाव ते अर्धा गुण, मोठ्या बदलाला पाऊण ते एक. वर्षात एका रकान्यात एकापेक्षा जास्त गुणांची हालचाल क्वचितच. यातून दोन दोष येतात. पाव गुणाला पुरणार नाही असं थोडं थोडं दरवर्षी झिजत गेलं, तर ते बराच काळ नोंदवलंच जात नाही. आणि दोन देशांतला ०.२५चा फरक हा खरा फरक आहे की दोन जाणकारांच्या हातातला, हे आकड्यावरून कळायला वाव नाही, कारण चुकीची शक्यता किती हे कुठेच छापलेलं नाही.

सांगलीच्या बाजारात हळदीच्या सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून रंग बघतो आणि दर बोलतो. ती नजर वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेली असते, म्हणून बाजार तिच्यावर चालतो. पण एकाच व्यापाऱ्यानं दर ठरवला तर शेतकरी अस्वस्थ होतो. पाच जण बोलले तर माल कुठे बसतो याचा अंदाज येतो, आणि पाचांच्या बोलीत किती अंतर पडलं हेही दिसतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातली व्ही-डेम ही लोकशाही मोजणारी संस्था याच वाटेनं जाते. जाणकाराच्या मतावर अवलंबून असलेल्या प्रत्येक प्रश्नाला एका देशासाठी साधारण पाच किंवा जास्त जाणकारांची उत्तरं घेतात. कोण कडक मास्तर, कोण सढळ हाताचा, हे संख्याशास्त्रीय प्रतिमानानं (मॉडेलनं) जुळवून घेतात. आकड्याभोवती खालची आणि वरची मर्यादा देतात. दोन वर्षांच्या मर्यादा एकमेकींवर चढत असतील, तर ‘घसरण झाली’ असं ठामपणे लिहू नका. ही एक सोय नेशन्स इन ट्रान्झिटमध्ये नाही आणि तिची उणीव जाणवते.

पण व्ही-डेमचा माल हाताळायला जड आहे. संपूर्ण फाइल शेकडो एमबीची, हजारो रकान्यांची. साध्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडली तर मशीन अडकतं. ‘कोअर’ नावाची छोटी आवृत्ती घ्या, किंवा फाइल न उतरवता संकेतस्थळावरच आलेख काढा. एकाच प्रश्नाचे अनेक रकाने असतात: प्रतिमानातून आलेला अंदाज, मूळ प्रश्नाच्या मापात बसवलेला आकडा, वरची-खालची मर्यादा. प्रतिमानाचा अंदाज शून्याच्या खालीही जातो, त्याला टक्के समजू नका. ० ते १मध्ये असतात ते निर्देशांक. पोलंड-हंगेरीसारख्या विषयाला ‘लिबरल डेमोक्रसी इंडेक्स’ घ्या, कारण त्यात न्यायालयं आणि संसदेचा सरकारवरचा अंकुश धरलेला असतो. देशांच्या रेषांतही खाचखळगे आहेत. रशियाच्या ओळीत सोव्हिएत संघ, सर्बियाच्या ओळीत युगोस्लाव्हिया आणि चेकियाच्या ओळीत चेकोस्लोव्हाकिया धरलेले आहेत, तर स्लोव्हाकियाची आजची रेषा १९९३पासून सुरू होते. चेक आणि स्लोव्हाक यांची १९८९ची तुलना करायला गेलात, तर एक रेषा मिळेल आणि दुसरी मिळणार नाही. दर मार्चच्या आसपास नवी आवृत्ती येते आणि तीत जुन्या वर्षांचे आकडेही थोडे सरकतात, कारण सगळा हिशेब नव्यानं मांडला जातो. तळटीपेत आवृत्तीचा क्रमांक लिहिला नाही, तर तुमचा तक्ता पुढच्या वर्षी कुणालाच पडताळता येणार नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘इकॉनॉमिस्ट’ गटाचा लोकशाही निर्देशांक ६० प्रश्नांचा, ० ते १० मापाचा; वर्गात पटकन दाखवायला ठीक, पण कुठल्या प्रश्नाला कुणी काय उत्तर दिलं याचा माग लागत नाही. जर्मनीतल्या बर्टल्समान प्रतिष्ठानचा निर्देशांक दर दोन वर्षांनी येतो, त्यात मंगोलियाही आहे आणि देशवार अहवाल सविस्तर आहेत. नेशन्स इन ट्रान्झिटला जोड म्हणून तो पहिला उघडावा. जागतिक बँकेचे कारभाराचे सहा निर्देशांक हे दुसऱ्यांच्या निर्देशांकांतून केलेलं मिश्रण आहे. तोच माल दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ते इतरांच्या पडताळणीला वापरू नका. एकूणच, तीन निर्देशांक सारखं सांगतात म्हणून गोष्ट सिद्ध झाली असं लिहिताना जपून. जाणकार वेगळे असले तरी ते वाचतात त्या बातम्या बऱ्याचदा त्याच असतात.

वर्गात हा अहवाल काढला की भारताचा प्रश्न येतोच. नेशन्स इन ट्रान्झिट भारत मोजत नाही. त्याच संस्थेच्या ‘फ्रीडम इन द वर्ल्ड’ या वेगळ्या अहवालानं २०२१मध्ये भारताला ‘मुक्त’वरून ‘अंशतः मुक्त’ केलं आणि त्याच वर्षी व्ही-डेमनं ‘निवडणुका होणारी एकाधिकारशाही’ म्हटलं. सरकारनं आक्षेप घेतला. नोव्हेंबर २०२२मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेकडून संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांचा निबंध आला: मूठभर अनामिक जाणकारांची मतं, आणि सगळ्या देशांना सारखे न बसणारे प्रश्न, असा त्याचा रोख होता. अमेरिकेतले अभ्यासक अँड्र्यू लिटल आणि अ‍ॅन मेंग यांनीही, सत्ताधारी निवडणूक हरतात का यासारख्या उघड मोजता येणाऱ्या गोष्टी घेतल्या तर जगभरची घसरण तेवढी दिसत नाही, असा मुद्दा मांडला आणि व्ही-डेमच्या लोकांनी त्याला उत्तर दिलं. हे आक्षेप गांभीर्यानं घ्यावेत. फ्रीडम हाउसला अमेरिकी सरकारचा निधी मिळत आलेला आहे, हेही प्रकल्पात लिहावं. फक्त एक पथ्य: पद्धतीवरचा जो आक्षेप भारतासाठी मान्य केलात, तो हंगेरी, रशिया आणि बेलारूससाठीही तसाच लावा. आवडता देश आणि नावडता देश पाहून मोजपट्टी बदलणारा प्रकल्प तोंडी परीक्षेत पहिल्या प्रश्नाला कोसळतो.

मग साडेचार गुण कशाला दिले? देशवार मजकुराला. प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला त्या वर्षी कुठल्या रकान्यात गुण बदलले आणि का, हे दोन-चार ओळींत दिलेलं असतं. पुढे रकान्यागणिक कायदे, न्यायालयांचे निकाल, निवडणुका, खटले तारखांसह येतात. निव्वळ कायद्यात काय लिहिलंय यावर नाही, तर लोकांच्या हक्कांवर प्रत्यक्ष काय परिणाम झाला यावर गुण द्यायचे, हे त्यांचं तत्त्व आहे आणि चांगल्या अहवालांत ते पाळलेलं दिसतं. पोलंडचे २०१६ ते २०२०चे अहवाल ओळीनं वाचा: घटना न्यायालयातल्या नेमणुकांचा वाद, न्यायमंडळावर संसदेचा कब्जा, न्यायाधीशांवरच्या शिस्तभंगाच्या कारवाया. ते सगळे वाचायला दोन दिवस पुरतात. त्यातून जे कळतं ते ‘पोलंड अर्धपक्क्या लोकशाहीत उतरला’ या एका ओळीतून कळणार नाही. मजकूर इंग्रजीत आहे, पण वाक्यं सरळ आहेत. यंत्रानं केलेल्या मराठी भाषांतरावर विसंबू नका, पदांची आणि न्यायालयांची नावं त्यात हमखास गडबडतात. अर्धा गुण कापला तो देशागणिक दर्जा कमीजास्त होतो म्हणून.

सातपैकी आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात जवळचा रकाना म्हणजे स्थानिक लोकशाही कारभार. प्रश्न साधे आहेत. स्थानिक स्वराज्याची तत्त्वं कायद्यात आहेत का आणि पाळली जातात का? स्थानिक निवडणुका मोकळ्या, निर्भय आणि वेळेवर होतात का? निवडून आलेल्यांकडे पैसा आणि अधिकार आहेत का? लोकांना कारभारावर प्रभाव टाकता येतो का, हिशेब मागता येतो का? एस्टोनियानं २०१७मध्ये २१३ नगरपालिका-ग्रामपालिका एकत्र करून ७९ केल्या. अख्ख्या देशाची लोकसंख्या सांगली जिल्ह्याच्या निम्मी. मोठा घटक केल्यानं स्थानिक संस्था सक्षम होते की लोकांपासून लांब जाते, हा वाद जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत दोन्ही पाहिलेल्या माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

हेच प्रश्न इथे लावून बघण्याचा सराव वर्गात जरूर घ्या. ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींची मुदत पाच वर्षांची केली आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगितलं. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले, आणि कारभार वर्षानुवर्षं प्रशासकाकडे राहिला. पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग ‘हो’, दुसरा अर्धा काय? प्रशासकाच्या काळात ग्रामसभेत लोकांना काय विचारता आलं, ठराव कुणी केले, खर्चाचा तक्ता कुठे मिळाला, ही उत्तरं पंचायत समितीच्या कार्यालयात जाऊन, कागद मागून लिहायची आहेत. शेवटी साताऱ्याला ‘४.२५’ असा आकडा मात्र देऊ नका. तुलनेला दुसरा जिल्हा आणि तपासायला दुसरा माणूस नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. प्रत्येक उत्तराशेजारी ठरावाची तारीख आणि कागदाचा क्रमांक लिहा, आणि तीच वही दुसऱ्या गटाला देऊन पाहा की त्यांना त्या कागदांतून हेच उत्तर मिळतं का.